आग्नेयेकडे वळलेली छत्री

चकलांब्यात मावशीच्या घराच्या पत्र्यावर डिशची छत्री आहे. पावसाळ्यात वाऱ्यानं ती हलली आणि टीव्हीवर नुसते चौकोन यायला लागले. दिवाळीच्या आधी मी गेलो तेव्हा मावसभाऊ पत्र्यावर चढला, मी अंगणात उभा राहिलो आणि मावशी आत टीव्हीसमोर बसली.

"बघ बरं, यायलंय का चित्र?"

"न्हाई अजून. आलं, आलं! गेलं की रे!"

मी आतला निरोप वर पोचवत होतो. छत्री बोटभर सरकली की चित्र येत होतं आणि अर्धं बोट जास्त झालं की जात होतं. वीसेक मिनिटांनी मावशी म्हणाली, "आता हात लावू नको," आणि भावानं नट आवळला. छत्रीचं तोंड तेव्हा आग्नेयेला होतं. मग मी गल्लीतून चालत गेलो. फुकट डिशच्या जेवढ्या छत्र्या दिसल्या, पत्र्यावर, माळवदावर, एक तर गोठ्याच्या मेढीला बांधलेली, त्या सगळ्या त्याच दिशेला बघत होत्या.

त्या दिशेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर आणि सुमारे ३६ हजार किलोमीटर अंतरावर जीसॅट-१५ हा आपला उपग्रह आहे. दूरदर्शनची महिन्याचं भाडं नसलेली डिश सेवा त्याच्यावरून चालते. उपग्रह बंगळुरूत बनला, पण उडाला तो दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या फ्रेंच गयानामधल्या कुरू या तळावरून, युरोपच्या आरियान-५ रॉकेटनं. ११ नोव्हेंबर २०१५ ची पहाट होती आणि आपल्याकडे तीन वाजून गेले होते. त्याच संध्याकाळी घरोघरी लक्ष्मीपूजन होतं. त्या रॉकेटमध्ये जीसॅट-१५ एकटा नव्हता. शेजारी अरब देशांच्या अरबसॅट संस्थेचा उपग्रह होता. एका गाडीत दोन गिऱ्हाइकं होती आणि गाडी तिसऱ्याची होती.

गेवराई तालुक्यातल्या या गावाचा आणि जगाच्या रॉकेटबाजाराचा संबंध इतका सरळ आहे. मावशीच्या घरात मालिका दिसावी म्हणून भारतानं युरोपला वाहतुकीचं भाडं मोजलं.

आपलं रॉकेट असताना दुसऱ्याला भाडं का द्यायचं, हा प्रश्न गावात मला दोघांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. उत्तर वजनात आहे. जीसॅट-१५ होता ३,१६४ किलोंचा आणि त्या वेळच्या आपल्या जीएसएलव्ही रॉकेटची भूस्थिर कक्षेकडे नेण्याची ताकद दोन-सव्वादोन टनांची. बैलगाडीत ट्रॅक्टरचं ओझं भरता येत नाही. शिवाय कुरू विषुववृत्तापासून फक्त पाच अंशांवर आहे. पृथ्वी तिथं जवळजवळ सर्वांत वेगानं फिरते आणि पूर्वेकडे उडणाऱ्या रॉकेटला तो वेग फुकट मिळतो. आपला श्रीहरिकोट्याचा तळ जवळपास चौदा अंशांवर आहे. ध्रुवांवरून फिरणाऱ्या कक्षेसाठी दक्षिणेकडे उडायचं तर तिथून श्रीलंकेला वळसा घालावा लागतो आणि त्या वळशात इंधन जातं. छोट्या रॉकेटांना तो वळसा परवडत नाही, म्हणून तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला नवा तळ उभा राहतो आहे.

हा धंदा समजून घ्यायचा तर आपल्याकडची काळी-पिवळी जीप डोळ्यांसमोर आणावी. गेवराईहून खेड्याकडे जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही. एखादा मोठा माणूस पूर्ण गाडी ठरवतो, बाकीचे सीटवर जातात. आपल्या पीएसएलव्ही रॉकेटनं असंच केलं. २६ मे १९९९ रोजी आपल्या ओशनसॅटबरोबर कोरियाचा आणि जर्मनीचा असे दोन लहान उपग्रह तिनं सीटवर नेले. पूर्ण गाडी ठरवणारं पहिलं परदेशी गिऱ्हाईक होतं इटली. २३ एप्रिल २००७ रोजी त्यांचा ३५२ किलोंचा अजिले उपग्रह गेला. अमेरिकी कंपन्यांना मात्र भारतीय रॉकेटवर बसायला त्यांच्याच सरकारची परवानगी लागत होती. सरकारी पाठबळावर चालणाऱ्या रॉकेटनं आपल्या खासगी कंपन्यांचं भाडं पाडू नये, हे तिथलं धोरण. तो अडसर सैल होत होत सप्टेंबर २०१५ मध्ये पहिले चार अमेरिकी उपग्रह श्रीहरिकोट्याहून उडाले.

पुण्याच्या मुलांनाही अशीच सीट मिळाली. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' जेमतेम एक किलोचा होता. २२ जून २०१६ रोजी तो अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि इंडोनेशियाच्या उपग्रहांबरोबर एकाच गाडीनं गेला. साखरेच्या पुड्याएवढ्या त्या वस्तूवर एकापाठोपाठ एक तुकड्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. मला या यादीत त्याचं अप्रूप सर्वांत जास्त आहे.

मग आला १५ फेब्रुवारी २०१७. एका पीएसएलव्हीनं १०४ उपग्रह सोडले. त्यातले ८८ प्लॅनेट या एकाच अमेरिकी कंपनीचे होते. त्या दिवशी देशभर कौतुक झालं. २४ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या स्पेसएक्सनं एका फाल्कन-९ मधून १४३ उपग्रह सोडून तो विक्रम मोडला. विक्रम मोडण्यासाठीच असतात, त्याचं वाईट वाटायला नको. वाईट याचं वाटतं, की त्या १४३ मध्ये ४८ उपग्रह प्लॅनेटचे होते. आपलं बांधलेलं गिऱ्हाईक समोरच्या जीपमध्ये बसलं होतं.

समोरच्या जीपचं भाडं कमी का, हे नीट पाहिलं पाहिजे. फाल्कन-९ चा पहिला टप्पा परत येऊन उतरतो आणि पुन्हा वापरला जातो, हे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून मोठं कारण माझ्या मते वेगळं आहे. स्पेसएक्सकडे स्वतःचा माल आहे. स्टारलिंक या तिच्याच इंटरनेट सेवेचे उपग्रह हजारोंनी वर जातात आणि त्यासाठी रॉकेट सतत उडत राहतं. २०२४ साली फाल्कनची १३० हून अधिक उड्डाणं झाली. भारताची त्या वर्षी पाच झाली आणि पुढच्याही वर्षी पाचच. ज्याची गाडी स्वतःच्या मालासाठी सतत निघते तो उरलेली जागा स्वस्तात देऊ शकतो. ज्याची गाडी अडीच महिन्यांनी एकदा निघते त्याला ते जमत नाही.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. ती समुद्रावर घडून गेली आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी नरोत्तम मोरारजी वगैरे भागीदारांबरोबर १९१९ साली सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेलं 'लॉयल्टी' जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. आपला सागरी दिन आजही ५ एप्रिललाच असतो. त्या काळी समुद्रवाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती. त्यांनी नव्या कंपनीला बुडवण्यासाठी भाडं इतकं पाडलं, की सिंधियाला प्रत्येक फेरीत खोट यावी. त्यांच्याकडे सरकारी टपालाचं काम होतं, इतर मार्गांवरची कमाई होती, त्यामुळे एका मार्गावरचा तोटा त्यांना सोसत होता. अखेर १९२३ मध्ये सिंधियाला त्यांच्याशी करार करून किनारी वाहतुकीपुरतं राहायचं मान्य करावं लागलं. कंपनी मात्र वाचली, आणि वाचली म्हणून पुढे वाढली. भाड्याच्या लढाईत काही काळ पाय रोवून उभं राहणं हेच काम असतं, हे त्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं.

वालचंदांची आठवण काढायला आणखी एक कारण आहे आणि ते चकलांब्याच्या जास्त जवळचं आहे.

इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर, त्यांनी उसाचे मळे आणि साखर कारखाना उभा केला. तेच वालचंदनगर. तिथं आधी साखर झाली, मग साखर कारखान्यांची यंत्रं झाली, आणि १९७० च्या दशकात त्याच वर्कशॉपकडे भारताच्या पहिल्या उपग्रहवाहक रॉकेटचं, एसएलव्ही-३ चं, काम आलं. तेव्हापासून रॉकेटच्या घन इंधनाची पोलादी नळकांडी तिथं घडतात. इंग्रजीत त्याला मोटर केसिंग म्हणतात आणि तिथले कामगारही केसिंगच म्हणतात. ऊस चिरडणारा चरकाचा रूळ आणि रॉकेटचं केसिंग एकाच गावात होतं, हे मला कुठल्याही विक्रमाहून मोठं वाटतं.

पीएसएलव्हीचा पहिला टप्पा म्हणजे २.८ मीटर व्यासाचं आणि सुमारे २० मीटर लांबीचं नळकांडं. ते अखंड नसतं. पाच तुकडे एकमेकांत खोबणीनं बसवून पिनांनी जोडतात. आत १३९ टन घन इंधन असतं आणि भिंतीची जाडी बोटाएवढीही नसते. पोलाद साधं चालत नाही. हैदराबादच्या मिधानीत बनणारं मॅरेजिंग पोलाद लागतं. त्यात कार्बन जवळजवळ नसतो, निकेल १८ टक्के असतं, शिवाय कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम. त्याची खुबी अशी, की ते घडवताना बऱ्यापैकी मऊ असतं, वाकवता येतं, वेल्डिंग करता येतं. सगळं झाल्यावर सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत तासन्‌तास ठेवलं, की ते कमालीचं कणखर होतं. आव्यात मडकं भाजून निघावं तसं. मग पाणी भरून दाब देऊन तपासतात. वेल्डिंगच्या रेषेत केसाएवढी चीर राहिली, तर शेकडो कोटींचा माल समुद्रात जातो. ती चीर राहू न देणारे हात तालुक्याच्या गावांत वाढलेले आहेत.

आत भरायच्या इंधनामागेही एक मराठी नाव आहे. पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर १९६७ मध्ये थुंब्याच्या रॉकेट तळावर गेले, घन इंधनाचं शास्त्र त्यांनी तिथं रुजवलं आणि १९७९ ते १९८५ विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचं संचालकपद सांभाळलं.

पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातलं विकास इंजिन मुंबईत, विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतं. त्याची कथा स्पर्धा आणि सहकार्य हे दोन शब्द एकमेकांत किती मिसळलेले आहेत ते दाखवते. फ्रान्स आपल्या आरियान रॉकेटसाठी वायकिंग नावाचं इंजिन बनवत होता. १९७४ च्या करारात भारतानं त्या तंत्रज्ञानासाठी रोख पैसे मोजले नाहीत. आपल्या इंजिनिअरांनी फ्रान्समध्ये वेर्नोंला जाऊन शंभर मनुष्यवर्षांचं काम दिलं आणि दाब मोजणारी सात हजार उपकरणं बनवून दिली. बदल्यात इंजिनची विद्या घेतली. आपल्याकडे इर्जिक घालतात तशी ही इर्जिक होती: तू माझ्या रानात राब, मी तुझ्या रानात राबतो. नंबी नारायणन त्या तुकडीचे म्होरके होते. त्याच वायकिंग इंजिनांच्या आरियाननं १९ जून १९८१ रोजी आपला ॲपल हा पहिला भूस्थिर उपग्रह वर नेला. पुढे आरियान आणि पीएसएलव्ही एकाच बाजारात उभी राहिली तेव्हा दोघींच्या पोटात एकाच घराण्याची इंजिनं होती.

असं सौजन्य दर वेळी मिळालं नाही. अतिशीत इंधनाच्या क्रायोजेनिक इंजिनचं तंत्रज्ञान रशियाच्या ग्लावकॉसमॉसकडून घ्यायचं १९९१ मध्ये ठरलं होतं. १९९२ मध्ये अमेरिकेनं इस्रो आणि ग्लावकॉसमॉस या दोन्ही संस्थांवर निर्बंध लादले, रशियानं तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं आणि तयार टप्पे विकले. कारण क्षेपणास्त्रांचं सांगितलं गेलं. माझं मत असं, की भूस्थिर उपग्रहांच्या भाड्याच्या बाजारात आणखी एक दुकान नको, हाही त्यातला हिशेब होता. तासन्‌तास थंड करून मग पेटवायचं इंजिन क्षेपणास्त्राला काय कामाचं? आपलं स्वतःचं क्रायोजेनिक इंजिन ५ जानेवारी २०१४ रोजी यशस्वी झालं. मधली वीस वर्षं गेली, आणि जीसॅट-१५ कुरूला जाण्यामागे ती वीस वर्षंही आहेत.

आता वनवेबची गोष्ट. या धंद्याचं खरं रूप मला तिच्यात दिसलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वनवेब ही उपग्रहांवरून इंटरनेट देणारी लंडनची कंपनी. ती दिवाळखोरीत गेल्यावर २०२० मध्ये ब्रिटिश सरकार आणि आपली भारती कंपनी यांनी मिळून घेतली. तिचे उपग्रह रशियाच्या सोयूझ रॉकेटवरून, कझाकस्तानातल्या बैकानूरसारख्या तळांवरून जात आणि तिकीट विकणारी कंपनी फ्रेंच आरियानस्पेस. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस रशियानं युक्रेनवर हल्ला केला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ३६ उपग्रह भरलेलं रॉकेट बैकानूरच्या तळावर उभं होतं. रशियानं अटी घातल्या: उपग्रह लष्करी कामाला वापरणार नाही अशी हमी द्या आणि ब्रिटिश सरकारनं आपला हिस्सा सोडावा. रॉकेटच्या टोकावर भागीदार देशांचे झेंडे रंगवलेले होते. कामगारांनी अमेरिका, ब्रिटन आणि जपानचे झेंडे झाकून टाकले, त्याची चित्रफीत रशियाच्याच अंतराळ प्रमुखांनी प्रसिद्ध केली. भारताचा झेंडा तसाच राहू दिला होता. उड्डाण झालंच नाही. ते ३६ उपग्रह तिकडेच अडकले.

ऊस तोडून फडात पडलाय आणि कारखान्यानं गाडी नाकारली, तर शेतकरी काय करतो? मिळेल त्या कारखान्याचं दार ठोठावतो. वनवेबनं मार्चमध्ये स्पेसएक्सशी करार केला. स्टारलिंक ही तिची थेट प्रतिस्पर्धी, तरी स्पेसएक्सनं माल नेला, कारण भाडं ते भाडं. एप्रिलमध्ये दुसरा करार भारताच्या न्यू स्पेस इंडिया या सरकारी कंपनीशी झाला. २३ ऑक्टोबर २०२२, दिवाळीच्या तोंडावर, मध्यरात्री १२ वाजून ७ मिनिटांनी आपलं सर्वांत मोठं रॉकेट एलव्हीएम-३ परदेशी माल घेऊन प्रथमच उडालं. ३६ उपग्रह, पावणेसहा टनांहून जास्त वजन. २६ मार्च २०२३ रोजी आणखी ३६ गेले. त्या रॉकेटच्या बाजूच्या दोन प्रचंड बूस्टरांचे भाग वालचंदनगर आणि पवईत घडलेले, मधली दोन विकास इंजिनं विक्रोळीच्या घराण्यातली.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत उलटंही झालं. जीसॅट-एन२ हा आपला ४,७०० किलोंचा उपग्रह एलव्हीएम-३ ला भूस्थिर कक्षेसाठी जड होता, म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये तो फाल्कन-९ वरून गेला. आणि २४ डिसेंबर २०२५ रोजी स्टारलिंकशी स्पर्धा करणाऱ्या एका अमेरिकी कंपनीचा ब्लूबर्ड, सुमारे ६,१०० किलोंचा, श्रीहरिकोट्याहून खालच्या कक्षेत गेला. त्याचा ॲंटेना उघडल्यावर २२३ चौरस मीटर भरतो, म्हणजे दोन गुंठ्यांहून जास्त. टॉवर नसलेल्या ठिकाणी साध्या मोबाईलला रेंज द्यायची, हा त्याचा उद्देश. महाराष्ट्र सरकारनं ५ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि आमच्या शेजारचा धाराशिव आहे. चकलांब्यातला माणूस रेंजसाठी बांधावर जाऊन फोन लावतो, तेव्हा या दोन कंपन्या त्याच्यासाठीच भांडत असतात.

आकड्यांकडेही डोळे उघडे ठेवून बघायला हवं. संसदेत दिलेल्या माहितीनुसार जानेवारी २०१५ ते डिसेंबर २०२४ या दहा वर्षांत भारतानं ३९३ परदेशी उपग्रह नेले आणि त्यातून सुमारे १४.३ कोटी डॉलर मिळाले. एका फाल्कन-९ चा जाहीर दर सात कोटी डॉलरच्या आसपास आहे. म्हणजे आपली दहा वर्षांची परदेशी कमाई त्यांच्या दोन उड्डाणांएवढी. यात आपल्या शास्त्रज्ञांना कमीपणा नाही. नेलेले बहुतेक उपग्रह लहान होते. पण उपग्रह मोजून आनंद मानायचा आणि वजन व पैसा मोजायचा नाही, ही सवय सोडायला हवी.

त्याहून काळजीची गोष्ट भरवशाची. पीएसएलव्ही म्हणजे न चुकणारी गाडी, ही तिची पत होती. १८ मे २०२५ रोजी तिची सी६१ ही फेरी तिसऱ्या टप्प्यात चुकली. १२ जानेवारी २०२६ रोजी सी६२ ही तिसऱ्याच टप्प्यात चुकली आणि या वेळी आत परदेशी गिऱ्हाइकांचे लहान उपग्रह होते. सी६२ उडाली तेव्हा सी६१ च्या चौकशीचा पूर्ण अहवाल लोकांसमोर आलेला नव्हता. तो यायला हवा होता. गिऱ्हाइकाला अपयश समजतं, रॉकेट कुणाचंही पडतं. काय चुकलं ते सांगितलं नाही, तर मात्र तो पुढच्या वेळी दुसरी जीप बघतो. वालचंदनगरच्या वेल्डरची प्रत्येक रेषा क्ष-किरणांखाली तपासली जाते. तेवढीच उघडी तपासणी निर्णयांचीही व्हावी, एवढंच मागणं आहे.

पुढची वाट आता कारखान्यांतून जाते. पाच पीएसएलव्ही पूर्ण बनवण्याचं काम हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रोला मिळालं आहे. लहान उपग्रहांचं एसएसएलव्ही जून २०२५ मध्ये ५११ कोटींची बोली लावून हिंदुस्थान एरोनॉटिक्सनंच घेतलं. ही कंपनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बंगळुरूत सुरू झाली, तेव्हा काढणारे वालचंद हिराचंदच होते. रॉकेटं ठरावीक साच्यात, ठरावीक दिवसाला बाहेर पडायला लागली तर वर्षाला पाचाची पंधरा होतील आणि भाडंही उतरेल. त्यासाठी वेल्डर, टर्नर, फिटर, क्ष-किरण फिल्म वाचणारे लागतील, शेकड्यांनी. ते कुठून येणार, हा मला पडलेला प्रश्न आहे. आमच्याकडची पोरं दहावीनंतर कोयता हातात घेतात. आयटीआयच्या यंत्रांवर बसलेली धूळ मी पाहिली आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहं निघाली, चांगलं झालं. तिथल्या मुलांना एकदा वालचंदनगरच्या फाटकापर्यंत नेऊन आणायला किती डिझेल लागेल?

मी निघालो त्या दिवशी गावातली ऊसतोडीची एक टोळी बाहेर पडत होती. कारखाना भवानीनगरकडचा, म्हणजे वालचंदनगरच्याच तालुक्यातला. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. त्यांत चुलीच्या विटा, पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, दोन शेळ्या, गोधड्यांवर बसलेली लेकरं. कोयते एका पोत्यात गुंडाळलेले. मागच्या ट्रॉलीत एका बाईनं डिशची छत्री जुन्या लुगड्यात बांधून मांडीवर धरली होती. कोपी उभी राहिली की पहिली ती लावायची, लेकरं त्यासाठी थांबत नाहीत, असं तिनं सांगितलं. तिकडे दिशा सापडते का, मी विचारलं.

"सापडती की. हितं जिकडं तोंड असतं, तिकडंबी तिकडंच."